विश्लेषण : चिठ्ठीवर औषध असते, आजार नसतो! प्रतिजैविके देताना औषधविक्रेत्याने काय पाहायचे असते?

‘घसा धरलाय, मागच्या वेळी दिली होती ती तीन गोळ्यांची पट्टी द्या…’ पावसाळ्यात कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येते. बहुतेक वेळा पट्टी मिळतेही. ती गोळी अ‍ॅझिथ्रोमायसिन असते आणि घसा धरण्याचे कारण बहुतेक वेळा विषाणू असतो. विषाणूवर या गोळीचा काहीच परिणाम होत नाही. घसा चार-पाच दिवसांत आपोआप बरा होतो, श्रेय मात्र गोळीला मिळते. पुढच्या वेळी तीच पट्टी मागितली जाते. हे चक्र थांबवण्याची अपेक्षा औषधविक्रेत्याकडून केली जाते. पण त्याच्या हातात नेमके काय असते? कायदा त्याला काय सांगतो? आणि गोळी देताना त्याला आजाराची कितपत माहिती असते?

औषधविक्रेत्याची भूमिका महत्त्वाची का?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात थेट १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात मांडण्यात आला. त्याच वर्षी भारतातील अशा मृत्यूंची संख्या सुमारे तीन लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२५ मधील अहवालानुसार, २०२३ मध्ये प्रयोगशाळेत निदान झालेल्या दर सहा जिवाणूसंसर्गांपैकी एक औषधांना दाद देत नव्हता. भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण तीनात एक इतके होते.

औषध कंपनीच्या कारखान्यातून निघते, डॉक्टर ते लिहून देतात. पण रुग्णाच्या हातात पडण्याआधीचा शेवटचा टप्पा काउंटर हाच असतो. देशात १२ लाखांहून अधिक औषधविक्रेते असल्याचे त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे म्हणणे आहे. अनेक गावांत आणि वस्त्यांत डॉक्टरांच्या आधी, कधी कधी डॉक्टरांऐवजी, मेडिकलवाल्यालाच विचारले जाते. तेथे तपासणी शुल्क नसते, रांग नसते आणि रात्री दहा वाजताही दुकान उघडे असते. त्यामुळे प्रतिजैविक कुणाला, कशासाठी आणि किती दिवस मिळते, याचा बराचसा निर्णय प्रत्यक्षात येथेच होतो.

कायदा काय सांगतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत औषधांच्या अनुसूची आहेत. प्रतिजैविके ‘एच’ या अनुसूचीत येतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ३० ऑगस्ट २०१३ रोजी केंद्र सरकारने ‘एच-१’ ही अधिक कडक अनुसूची अधिसूचित केली. १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. तिच्या मूळ यादीत ४६ औषधे होती. सेफिक्झीमसह तिसऱ्या-चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम, लिव्होफ्लोक्सासिन आणि मॉक्सिफ्लोक्सासिन, तसेच क्षयरोगावरील औषधे त्यात आहेत. ही औषधे विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहावे लागते. ही वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. घशासाठी सर्रास मागितली जाणारी अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र या मूळ यादीत नव्हती. तिला चिठ्ठी लागते, पण वहीतील नोंद लागत नाही.

ग्राहकांना सहसा ठाऊक नसलेले आणखी दोन नियम आहेत. पहिला, एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळते. ‘पुन्हा द्यावे’ असे डॉक्टरांनी लिहिले असेल तरच ते पुन्हा देता येते. म्हणजे गेल्या वर्षीची चिठ्ठी मोबाइलमध्ये दाखवून आज प्रतिजैविक घेणे नियमात बसत नाही. दुसरा, लिहिलेल्या औषधाच्या जागी दुसरे औषध औषधविक्रेत्याने परस्पर द्यायचे नसते, घटक तेच असले तरीही. ‘हे नाही, पण सेम दुसऱ्या कंपनीचे आहे’ असे म्हणण्याआधी त्याने डॉक्टरांना विचारणे अपेक्षित आहे.

२०१६ मध्ये केंद्राने ‘लाल रेघ’ मोहीम सुरू केली. पट्टीच्या मागे उभी लाल रेघ दिसली, की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, इतका साधा तो संदेश होता. नियम कमी नाहीत. प्रश्न अंमलबजावणीचा आणि माहितीचा आहे.

सगळी प्रतिजैविके सारखी असतात का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली आहे. ‘अ‍ॅक्सेस’ म्हणजे नेहमीच्या संसर्गांसाठी आधी वापरायची, प्रतिकाराचा धोका तुलनेने कमी असलेली औषधे. अ‍ॅमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन ही त्यातली. ‘वॉच’ म्हणजे जपून वापरायची. अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झीम, सिप्रोफ्लोक्सासिन या गटात येतात. ‘रिझर्व्ह’ म्हणजे बाकी सारे निरुपयोगी ठरल्यावर काढायची राखीव औषधे, उदाहरणार्थ कोलिस्टिन. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय बैठकीत ठरलेल्या उद्दिष्टानुसार, २०३० पर्यंत जगात वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के ‘अ‍ॅक्सेस’ गटातील असावीत.

भारताचे चित्र नेमके उलटे आहे. देशातील खासगी बाजारातील २०१९ च्या विक्रीचा अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट रीजनल हेल्थ – साउथईस्ट एशिया’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘वॉच’ गटाचा वाटा सुमारे ५५ टक्के, तर ‘अ‍ॅक्सेस’चा केवळ २७ टक्के होता. सर्वाधिक खपणारे औषध होते अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि त्यानंतर सेफिक्झीम २०० मिलिग्रॅम. म्हणजे जपून वापरायची औषधे आपल्याकडे पहिल्या झटक्यात वापरली जातात. आजाराची नेमकी माहिती नसते तेव्हा ‘सगळ्यावर चालेल’ अशा औषधाकडे हात जातो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

‘नकली रुग्णां’नी काय दाखवले?

आजाराच्या माहितीने किती फरक पडतो, हे एका प्रयोगातून स्पष्ट झाले. मुंबई, दिल्ली आणि पाटणा या तीन शहरांतील ६२२ औषध दुकानांत संशोधकांनी प्रशिक्षित ‘नकली रुग्ण’ पाठवले. अशा १,२०० भेटींचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस’मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्ण दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप असल्याचे सांगत, म्हणजे क्षयरोगाचा संशय यावा अशी लक्षणे. काहींच्या हातात थुंकीच्या तपासणीचा क्षयरोग असल्याचा अहवालच होता.

नुसती लक्षणे सांगणाऱ्यांपैकी केवळ १३ टक्के प्रसंगी योग्य वागणूक मिळाली, म्हणजे प्रतिजैविक किंवा स्टिरॉइड न देता डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. ३७ टक्के प्रसंगी प्रतिजैविक दिले गेले. अहवाल दाखवणाऱ्यांबाबत मात्र योग्य वागणुकीचे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले आणि प्रतिजैविक देण्याचे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. क्षयरोगावरील मुख्य औषधे तर एकाही दुकानाने चिठ्ठीशिवाय दिली नाहीत.

तीच शहरे, तशीच दुकाने. फरक होता तो निदानाच्या कागदाचा. आजार कळला तेव्हा बहुतेक औषधविक्रेत्यांनी हात आखडता घेतला. आजार कळला नाही तेव्हा अंदाज बांधून गोळी दिली गेली. क्षयरोगात हा अंदाज महागात पडतो. लिव्होफ्लोक्सासिनसारखे औषध क्षयाच्या जंतूंना काही काळ दाबते. ताप उतरतो, खोकला कमी होतो, निदान लांबते आणि तोवर घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोका राहतो. शिवाय याच गटातील औषधे औषध-प्रतिरोधक क्षयरोगावरच्या उपचारात लागतात. खोकल्यावर ती उधळली, तर खऱ्या गरजेच्या वेळी ती कुचकामी ठरू शकतात. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात असताना हा धोका पुस्तकी राहत नाही.

चिठ्ठीवर आजार लिहिल्याने काय साधेल?

चिठ्ठी असली तरी अडचण संपत नाही. तिच्यावर औषधाचे नाव, मात्रा आणि दिवस असतात. आजार बहुधा नसतो. डॉक्सिसायक्लिनचेच उदाहरण घ्या. पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्या व्यक्तीला लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्टर ते देतात, तेव्हा मात्रा थोडक्यात आटोपते. स्क्रब टायफससाठी उपचार काही दिवस चालतो. मुरुमांसाठी तेच औषध कित्येक आठवडे असते. कारण लिहिलेले नसेल, तर ‘दिवस कमी लिहिले गेलेत का’ किंवा ‘मात्रा जास्त आहे का’ हे औषधविक्रेत्याला कळणार कसे?

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी १ जानेवारी २०२४ रोजी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टर आणि डॉक्टरांच्या संघटनांना पाठवलेल्या पत्रात नेमके हेच म्हटले होते : प्रतिजैविक लिहिताना ते कशासाठी आहे, हे चिठ्ठीवर आवर्जून लिहा. औषधविक्रेत्यांनाही ‘एच’ आणि ‘एच-१’चे नियम काटेकोरपणे पाळण्याचे, चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके न विकण्याचे आवाहन करण्यात आले. पहिली सूचना पाळली गेली तरच दुसरीला अर्थ येतो. कारण वाचल्याशिवाय औषधविक्रेता चूक पकडू शकत नाही. तो फक्त चिठ्ठीतील गोळ्या मोजून देऊ शकतो.

काउंटरवर काय तपासायला हवे?

भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या ‘फार्मसी प्रॅक्टिस’ नियमावलीनुसार चिठ्ठी पडताळणे आणि रुग्णाला समजावून सांगणे ही नोंदणीकृत फार्मासिस्टची जबाबदारी आहे. प्रतिजैविकांच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे.

सर्वात आधी अ‍ॅलर्जी. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल, तर अ‍ॅमॉक्सिसिलिन जिवावर बेतू शकते. त्यानंतर गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार आणि वय. लहान मुले आणि गर्भवतींना लेप्टोच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनऐवजी वेगळे औषध निवडले जाते.

तिसरा प्रश्न, ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असताना मेट्रोनिडाझोल घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिप्रोफ्लोक्सासिन गटातील औषधांनी मधुमेहींची साखर खालीवर होऊ शकते. हीच गोळी अँटासिड, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली, तर पोटात त्यांच्याशी बांधली जाते आणि रक्तात पुरेशी पोहोचतच नाही. रुग्ण गोळ्या वेळेवर घेतो, पण गुण येत नाही, आणि मग ‘जोरदार’ औषधाची मागणी होते. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवा, एवढे सांगितले असते तरी पुरले असते.

घ्यायची पद्धतही सांगावी लागते. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यायचे आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. मेट्रोनिडाझोलवर असताना दारू वर्ज्य. लहान मुलांच्या कोरड्या सिरपच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालायचे, प्रत्येक वेळी हलवायचे आणि बाटलीबरोबरच्या मापानेच द्यायचे. घरातला चमचा लहान-मोठा असतो, त्यामुळे मात्रा चुकते. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे तयार सिरप फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचे; उरलेले पुढच्या तापासाठी जपायचे नसते.

‘कोर्स पूर्ण करा’ याचा नेमका अर्थ काय?

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, स्वतःहून मध्येच थांबवायचे नाही आणि स्वतःहून वाढवायचेही नाही, असा त्याचा अर्थ. औषध जितके जास्त दिवस तितके चांगले, हा समज चुकीचा आहे. अनेक साध्या संसर्गांत कमी दिवसांचा उपचार पुरेसा ठरतो, हे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून पुढे आले आहे. क्षयरोगात मात्र उपचार मध्येच सोडणे अत्यंत धोक्याचे असते. दिवस आजारावर ठरतात, म्हणून येथेही मुद्दा पुन्हा चिठ्ठीवरील आजाराशीच येतो. दोन दिवसांत बरे वाटले तर डॉक्टरांना फोन करून विचारावे. चार गोळ्या डब्यात ठेवून शेजाऱ्याला देऊ नयेत.

जुलाबाची गोळी आणि नायट्याच्या मलमाचे काय?

चिठ्ठीशिवाय सर्वाधिक मागणी असलेल्या वस्तूंत या दोन्ही येतात. जुलाबासाठी सर्रास दिली जाणारी ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल ही जोडगोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘शिफारस नसलेल्या’ संयोगांच्या यादीत आहे. बहुतेक जुलाबांत खरी गरज ओआरएसची असते. ते चिठ्ठीशिवाय देता येते, स्वस्त असते आणि जीव वाचवते. शौचातून रक्त, खूप ताप, लघवी कमी होणे किंवा लहान बाळ सुस्त पडणे ही डॉक्टरांकडे तातडीने पाठवण्याची लक्षणे आहेत.

नायट्यासाठी मागितली जाणारी ‘तीन-चार औषधे एकत्र’ असलेली मलमे हा प्रतिकाराचा दुसरा चेहरा. त्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र असते. स्टिरॉइडमुळे खाज लगेच थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. नेहमीच्या बुरशीनाशकाला दाद न देणारा, भारतीय उपखंडात फोफावलेला नायटा आता जगभरातील त्वचारोगतज्ज्ञांची डोकेदुखी झाला आहे. त्या बुरशीच्या नावातच भारत आहे : ट्रायकोफायटन इंडोटिनी. २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीच्या कक्षेत आणली गेली, पण मागणी ओसरलेली नाही.

मग चिठ्ठीशिवाय विक्री थांबत का नाही?

पहिले कारण गल्ल्याशी जोडलेले आहे. औषधविक्रेत्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून असते. पाच मिनिटे समजावून ग्राहकाला रिकाम्या हाताने परत पाठवले, तर त्या पाच मिनिटांचे काहीच मिळत नाही. उलट ग्राहक पुढच्या दुकानात जातो आणि बहुधा कायमचा जातो. दुसरे, नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात हजर असणे बंधनकारक असले, तरी अनेक ठिकाणी काउंटरवर अनुभवाने शिकलेला मदतनीसच असतो. परिसरातले डॉक्टर कोणत्या तक्रारीवर काय लिहितात, हे तो रोज पाहतो आणि तेच देतो. म्हणजे डॉक्टरांची सवय काउंटरवर उतरते. तिसरे, तपासणीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे निरीक्षकांची संख्या दुकानांच्या मानाने तोकडी असते.

चौथे कारण सर्वात अवघड आहे. जेथे डॉक्टर गाठायला दिवसाची मजुरी बुडते, तेथे ‘चिठ्ठीशिवाय काहीच नाही’ हा नियम गरजू रुग्णालाही अडवू शकतो. गरज नसलेल्यांना प्रतिजैविक सहज मिळणे आणि गरज असलेल्यांना वेळेवर न मिळणे, या दोन्ही गोष्टी भारतात एकाच वेळी घडतात.

केरळ आणि इंग्लंडने काय केले?

केरळने २०१८ मध्ये प्रतिजैविक प्रतिकाराविरुद्ध राज्याचा स्वतःचा कृती आराखडा आणला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. जानेवारी २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ सुरू करून चिठ्ठीशिवाय विक्री करणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या सुरू झाल्या. त्यानंतर प्रतिजैविकांच्या विक्रीत २० ते ३० टक्के घट झाल्याचा दावा राज्य सरकारने केला आहे.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. ३१ जानेवारी २०२४ पासून तेथे ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेखाली सात ठरावीक आजारांत फार्मासिस्ट स्वतः रुग्णाला तपासून औषध देऊ शकतो. घसादुखी आणि स्त्रियांमधील साधा मूत्रमार्गसंसर्ग हे त्यातले दोन. मात्र लिखित निकषांनुसार लक्षणे जुळली तरच प्रतिजैविक द्यायचे. महत्त्वाचे म्हणजे निकषांत बसणाऱ्या सल्ल्याचे मानधन औषध दिले नाही तरी दुकानाला मिळते. ‘नाही’ म्हणण्याचा आर्थिक तोटा त्यामुळे बराच कमी होतो. भारतात फार्मासिस्टचे शिक्षण, दुकानांची रचना आणि डॉक्टरांची उपलब्धता वेगळी असल्याने ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण सल्ल्याला मोल दिल्याशिवाय सल्ला मिळत नाही, हा धडा घेण्यासारखा आहे.

पुढे काय?

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रतिजैविक प्रतिकाराविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा (२०२५-२९) जाहीर केला. त्याचा परिणाम काउंटरवर दिसायचा असेल तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर आजार लिहिणे ही सर्वात कमी खर्चाची सुरुवात ठरेल. मार्च २०१८ पासून खासगी औषधविक्रेत्यांनाही क्षयरुग्णांची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे औषधविक्रेता हा आरोग्ययंत्रणेचा भाग आहे, हे सरकारने तत्त्वतः मान्य केलेलेच आहे.

ग्राहकालाही काही गोष्टी सहज करता येतात. प्रतिजैविक लिहिले असेल तर ‘हे कशासाठी आहे, चिठ्ठीवर लिहाल का?’ असे डॉक्टरांना विचारावे. दुकानात अ‍ॅलर्जी, गर्भारपण आणि चालू औषधे न विचारता सांगावीत. पट्टीवरची लाल रेघ पाहावी, बिल घ्यावे, जुनी चिठ्ठी पुढे करू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर गोळी मागण्याऐवजी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत ती मोफत होते. आणि काउंटरवरून ‘याला प्रतिजैविक लागणार नाही, डॉक्टरांना दाखवा’ असे उत्तर मिळाले, तर दुकान बदलू नये. तो सल्ला देणाऱ्याने आपली विक्री सोडून ग्राहकाचे हित पाहिलेले असते.